बळवंतमामा आणि माझा अर्ज

हरितगृह परिणाम शिकवावा तर चौगुले बाईंनीच, असं आमच्या शाळेत अजून म्हणतात. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी रंकाळ्यावर फिरायला गेले की एखादी जुनी विद्यार्थिनी वाटेत थांबवते, कडेवरचं पोर सावरत म्हणते, "बाई, ते ढगाळ रात्रीचं उदाहरण अजून लक्षात आहे बघा." मी हसते, पोराच्या गालाला हात लावते आणि पुढे निघते. ते उदाहरण माझं नाही. ते बळवंत कांबळे यांचं आहे. ते आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते, आणि त्यांची प्रयोगशाळा मी घालवली. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलंय.

शाळेत शिपायांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून ते बळवंतमामा. माणूस उंच, किडकिडीत. उन्हाळ्यातसुद्धा खाकी शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे, आणि कुणी हसलं तर "घाम माझा हाय की" एवढंच म्हणायचे. हुपरीजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीने यायचे. त्यांच्या बायको घरीच पैंजण जोडायचं काम करायच्या. मामांनीही लहानपणी तेच केलेलं. छोट्या भट्टीपुढं बसून तापलेली चांदी चिमट्यात धरायची, हे त्यांचं पहिलं शिक्षण. शाळेचं शिक्षण दहावीला इंग्रजीवर अडलं. पण प्रयोगशाळेच्या कपाटात विज्ञानाची जेवढी जुनी पुस्तकं होती तेवढी त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत वाचून काढली होती. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या अक्षरात असायच्या, आणि ते अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं, म्हणून सांगते.

कुठलाही प्रश्न विचारा, त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं. "बघून सांगतो." आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, एकदा एप्रिलमध्ये रुमालाने मान पुसत सहज म्हणाले, "मामा, आज फार गरम आहे नाही?" दुसरा कोणी असता तर "लई सर" म्हणून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, "बघून सांगतो." तीन जिने चढून गच्चीवर गेले आणि खाली येऊन अर्ध्या अंशापर्यंतचं तापमान सांगितलं. तोवर हेडसर प्रश्न विसरून फोनवर बोलत होते. मामा फोन संपेपर्यंत थांबले आणि मग सांगितलं.

गच्चीवर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी होती, आत कमाल आणि किमान तापमानाचे दोन तापमापक. आधीच्या कुठल्या तरी विज्ञानाच्या सरांनी ती बसवली होती आणि ते गेल्यावर शाळा तिला विसरली होती. मामा विसरले नाहीत. रोज सकाळी साडेआठला वर जायचे, दोन आकडे वहीत लिहायचे. दिवाळीत, गणपतीत, रविवारीसुद्धा. मी एकदा म्हटलं, "मामा, सुट्टीच्या दिवशी कशाला एसटीचे हाल काढता?" तर म्हणाले, "सुट्टी आपल्याला, बाई. उन्हाला कुठं हाय?" मी त्यांना गमतीने विचारलं, मग सांगा, पृथ्वी तापतेय का नाही? वही मिटत ते म्हणाले, "एका शाळंच्या गच्चीवरनं पृथ्वीचं सांगता येत न्हाय. त्येला जगभरच्या वह्या लागत्यात. ह्यातली एक आपली असावी, एवढंच."

ढगाळ रात्रीचं त्यांनी मला सांगितलं ते असंच एकदा, डिसेंबरात. आदल्या आठवड्यात हात आखडावेत इतकी थंडी होती आणि त्या दिवशी सकाळी एकदम कमी झालेली. मी प्रयोगशाळेत पृथ्वीगोल न्यायला गेले होते. म्हटलं, थंडी पळाली वाटतं. मामा म्हणाले, "पळाली न्हाय. रात्री आभाळ आलतं." मला कळलं नाही. मग त्यांनी काचेचं भांडं खाली ठेवून समजावलं. दिवसभर ऊन पडतं, ते दिसतं, ते हवेतून सरळ खाली येतं. त्याने जमीन तापते. तापलेली जमीनही आच सोडते, पण ती आच डोळ्यांना दिसत नाही.

"भट्टीतनं चांदी भाईर काढली की तिचा लालपणा जातो," ते म्हणाले, "तरीबी गालाला आच लागतीच की. दिसत न्हाय म्हंजे न्हाय, असं न्हवं. तशीच जमिनीची. आभाळ निरभ्र असलं की ती आच सरळ वर जाती, म्हणून पहाटं गारठा. आभाळ आलं की त्ये ती आच धरतं आन थोडी परत खाली धाडतं. वाफ, कार्बन डायऑक्साइड, ह्ये वायूबी त्येच करत्यात. दिसत न्हाईत, पण रातंदिस करत्यात."

"म्हणजे वाईटच की," मी म्हटलं.

"वाईट कसं? त्ये नसते तर समदं गोठलं असतं, तुमीबी आन मीबी. हायेत म्हणून जगतोय. आपुन धूर करून करून त्यास्नी जास्त केलं, म्हणून आच जास्त परत यायला लागली. एवढंच हाय त्ये."

मी बरं बरं म्हणत पृथ्वीगोल उचलला आणि गेले. शिपाई थंडीबद्दल काहीतरी बोलतोय, यापलीकडे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. लक्ष देऊन ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या काळात ओझोनच्या भोकाचं फार बोललं जायचं. वर्तमानपत्रात, रेडिओवर, निबंधस्पर्धेत, सगळीकडे भोक. पृथ्वी तापते हेही बोललं जायचं. आम्ही भूगोलाच्या बायकांनी दोन्हीची गाठ मारून टाकली होती. ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून जास्त ऊन आत आलं आणि पृथ्वी तापली. किती सोपं. फळ्यावर काढायलाही सुटसुटीत. मी सात-आठ वर्षं हेच शिकवलं आणि माझ्या मुलींना त्यावर गुणही मिळाले, कारण तपासणाऱ्यांचीही तीच समजूत होती.

एकदा नववीच्या वर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलं म्हणून माझा तास प्रयोगशाळेत ठेवला होता. मी फळ्यावर पृथ्वी काढली, भोवती थर, थराला खालच्या बाजूला भोक, भोकातून आत घुसणारे बाण. मामा मागे खिडकीपाशी काचपट्ट्या पुसत होते. वैशाली नावाची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "बाई, भोक दक्षिण ध्रुवावर आहे म्हणालात. मग ऊन तिथं जास्त जाणार. तरी तिथंच बर्फ कसा?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायला काय हरकत होती, हे आज कळतं. तेव्हा मी म्हटलं, "तिथला बर्फ फार जाड आहे." मुली हसल्या. वैशाली बसली नाही. तिने मागे वळून पाहिलं, जसं प्रयोग चुकला की सगळ्याच मुली पाहायच्या. "मामा, कसं हो?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ओझोनचं दुखणं येगळं हाय, बाळ. त्या भोकातनं येतंय त्ये कातडीला वंगाळ, डोळ्याला वंगाळ. पण पृथ्वी तापती ती त्येच्यानं न्हवं. आत येणाऱ्या उन्हाचा सवाल न्हाय. भाईर जाणारी आच अडती, त्येचा हाय."

मग कुठून तरी बारीक हसू आलं, आणि ते माझ्यावर होतं. माझे कान तापले. मी म्हणाले, "मामा, तुम्ही काचा पुसा."

"व्हय, बाई," म्हणून ते काचा पुसायला लागले.

हे इथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पण मधल्या सुट्टीत मी हेडसरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "तोंडी नको बाई, लिहून द्या." मी लिहून दिलं. फुलस्केप कागदावर, समास सोडून, माझ्या नावाजलेल्या अक्षरात. 'प्रयोगशाळा परिचर श्री. कांबळे यांनी माझ्या अध्यापनात हस्तक्षेप करून विद्यार्थिनींची दिशाभूल केली.' दिशाभूल हा शब्द मला लिहिताना फार आवडला होता, हेही आठवतं.

एक गोष्ट आताच कबूल करून टाकते. मी जात मानत नाही असं मी चारचौघांत सांगायची, आणि मला ते खरंही वाटायचं. पण तेच वाक्य विज्ञानाच्या कुणा कुलकर्णी सरांनी म्हटलं असतं, तर मी पिशवीतून वही काढून लिहून घेतलं असतं.

आठवड्याभरात मामांना कार्यालयात घेतलं. घंटा द्यायची, टपाल न्यायचं, हेडसरांची खुर्ची पुसायची. प्रयोगशाळेच्या किल्ल्या दुसऱ्या शिपायाकडे गेल्या, आणि त्याच जुडग्यात गच्चीची किल्ली होती. दोन दिवसांनी मामा शिक्षकखोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाई, तेवढं गच्चीवरचं मला करू द्या म्हणून सांगता का हेडसरांना? शाळा भरायच्या आधी करीन. कुनाला तरास न्हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "बघते." आणि बघितलं नाही. त्यांची वही त्या आठवड्यात थांबली. पुढे गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बसवायची ठरली तेव्हा ती पेटी काढून जळणात टाकली.

दोन वर्षांनी गडहिंग्लजला आम्हा भूगोल शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान, निम्मे शिक्षक पेंगलेले. एका तरुण प्राध्यापकाने फळ्यावर पृथ्वी काढली आणि पहिलंच वाक्य टाकलं, "ओझोनचा आणि याचा संबंध जोडू नका, हे दोन वेगळे प्रश्न आहेत." मग ऊन खाली येणं, जमिनीने आच सोडणं, वायूंनी ती धरून पुन्हा खाली पाठवणं. शब्द तेवढे पुस्तकातले होते. बाकी सगळं मी आमच्या प्रयोगशाळेत उभ्या उभ्या ऐकलेलं होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का, चेहरा असा का झालाय. मी उकाड्यावर ढकललं.

परतीच्या एसटीत मी पक्कं ठरवलं होतं, सकाळी गेल्या गेल्या मामांना सांगायचं आणि हेडसरांकडून अर्ज परत घ्यायचा. सकाळी मामा फाटकातच दिसले, टपालाची पिशवी घेऊन. मी म्हटलं, "काय मामा, बरं आहे ना?" ते म्हणाले, "बरं हाय की." एवढ्यावर माझा निश्चय संपला.

मात्र शिकवणं मी सुधारलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता, आणि त्याचाच मला आता जास्त राग येतो. ढगाळ रात्र घेतली, भट्टीतली चांदी घेतली, वायू नसते तर गोठलो असतो हेही घेतलं. मुली डोळे मोठे करून ऐकायच्या. पहिल्या वर्षी हा धडा शिकवताना तास संपत आला आणि माझा मुद्दा अर्धाच झाला होता. आता घंटा होईल म्हणून मी घाई करत होते. घंटा होईना. मी शेवटच्या वाक्यापर्यंत पोचले, फळा पुसला, आणि मग घंटा झाली. बाहेर आले तर मामा व्हरांड्यात टोल टांगलेल्या खांबापाशी उभे होते. एक मिनिट इकडचं तिकडं न करणारा माणूस. ते म्हणाले, "चांदीचं बरं सांगितलं, बाई." मी खडूचे हात झटकत निघून गेले.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली. मामांची नोकरी सगळ्यांत जुनी, काम येत होतं, सगळ्यांनाच वाटलं आता मामा परत जाणार. त्यांनीही तसा अर्ज केला. हेडसरांनी मला बोलावलं. समोर मामांची फाइल उघडी होती आणि वरच माझं अक्षर.

"बाई, तुमची तक्रार आहे यात. दिशाभूल वगैरे. तुमचं अजून तेच म्हणणं आहे का? नसेल तर तसं दोन ओळी लिहून द्या, मी शिफारस करतो."

दोन ओळी. कागद त्यांनी पुढे सरकवलेला होता, पेनही. मला ठाऊक होतं की दिशाभूल मी केली होती, आठ वर्षं, शेकडो मुलींची. पण ते लिहायचं म्हणजे तेच कबूल करायचं. त्याच वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं. मी म्हणाले, "जुनी गोष्ट आहे सर. मला त्यात आता काही म्हणायचं नाही."

हेडसरांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. जागेवर बाहेरून कुणी तरी आलं. मी पर्यवेक्षिका झाले. मामा घंटा देत राहिले.

आमच्या जैनांत पर्युषण संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल, तर ज्याला त्याला भेटून क्षमा मागायची. शाळेत मी दरवर्षी सगळ्यांपुढे हात जोडत फिरायची. सगळे हसून हात जोडायचे, एखादे सर म्हणायचे, बाई, आमची तर रोज मागायला हवी. त्या वर्षी मी व्हरांड्यात मामांपुढेही नेहमीसारखे हात जोडले. "उत्तम क्षमा, मामा. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा."

दरवर्षी ते नुसते हात जोडायचे. त्या वर्षी म्हणाले, "जाणता का अजाणता, बाई?"

त्यांचा चेहरा शांत होता. खरंच उत्तर हवं असल्यासारखे ते थांबले. शिक्षकखोलीतून हसण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "अजाणता."

"मग काय न्हाय," ते म्हणाले. "अजाणता कुनाचंबी हुतंय."

खोटी क्षमा मागितल्यावर ती मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाऊन मी जेवले नाही, आणि घरच्यांना वाटलं बाईंचा उपास अजून चालूच आहे.

मामा निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम केला. शाल, श्रीफळ, हार. त्यांच्या बायको पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, त्यांच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते. हेडसर आता नवे होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. मी चार दिवस भाषणाची तयारी केली होती. कागदावर सगळं लिहिलं होतं, त्या तासापासून त्या दोन ओळींपर्यंत. माइकपुढे उभी राहिले, समोर दीडेकशे मुली, सगळे शिक्षक. कागद उघडला आणि मिटला. मग मी म्हणाले की मामा म्हणजे इमानी सेवेचा आदर्श, वेळेचे पक्के, कधी उलटून बोलले नाहीत. कधी उलटून बोलले नाहीत, हे मी म्हणाले. टाळ्या बऱ्याच झाल्या.

नंतर भडंग आणि चहा झाला. मामा बाहेरच्या नळावर हात धूत होते. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी जवळ गेले आणि एका दमात बोलून टाकलं.

"मामा, त्या दिवशी वर्गात तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. दोन वर्षांत मला ते कळलंही होतं. सहायकाच्या वेळी सरांनी मला विचारलं होतं, मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्हाला जागा मिळाली असती. मी मुद्दाम लिहिल्या नाहीत."

बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि हलकंही वाटलं. मामांनी नळ बंद केला. स्वेटरच्या कडेला हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पण ह्ये माइकवर बोलायचं हुतं, बाई. मुली हुत्या समोर. माजी बायको बसलीती. तिला एवढी वर्सं वाटतंय, मीच काय तरी चुकीचं शिकवलंतं पोरीस्नी."

मी डोळे पुसले. सभागृहात अजून माणसं होती. मामांच्या बायको शाल घडी करत बसल्या होत्या. माइकवाला वायर गुंडाळायला लागला होता, पण माइक उभाच होता. मी आत गेले. तीन-चार पावलं चालले असेन. नव्या हेडसरांनी मला येताना पाहिलं आणि माइककडे हात करून विचारलं, "काय बाई, काही बोलायचं राहिलं का?"

मामा माझ्या मागे दारात येऊन उभे होते.

"नाही सर," मी म्हणाले. "काही राहिलं नाही."

माइकवाल्याने माइक खाली घेतला. मामा पुढे आले, बायकोच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, नारळ तिच्याकडे दिला. "चल, हुपरीची गाडी गावंल," म्हणाले. माझ्याजवळून जाताना ते थांबले नाहीत, पण त्यांच्या बायकोने थांबून मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.